तिसरा माग

लढाई वाळवंटात, आणि रात्री तिथं थंडी पडते म्हणे,
म्हणून सोलापूरच्या तुरुंगात आम्ही
रात्रपाळीला ब्लँकेटं विणायचो.
तीन माग. पहारेकरी आत यायचा नाही,
बाहेर बाकड्यावर बसून नुसती खडखड ऐकायचा.
खडखड चालू म्हणजे कैदी जागेवर.

लिंगय्या गुंडेटी रोज एक कांडी कमी भरायचा.
चोरलेलं सूत दस्तगीर नदाफच्या उशीत.
पिंजाऱ्याच्या उशीत काय भरलंय
ते पिंजाऱ्यालाच ठाऊक, तो म्हणायचा,
आणि पहाटे मान चोळत उठायचा:
दोर वाढतोय रे, टोचायला लागलाय.

भिंत मी मोजली. झाडलोट करताना,
दगडांचे थर, तीन वेळा.
दोनदा तेवीस आले, एकदा चोवीस.
लिंगय्यानं चोवीस धरले.
दोर हातानं मोजताना तो तेलुगूत पुटपुटायचा,
ओकटी, रेंडु, मूडु,
दहाच्या पुढं गेला की कपाळ पुसायचा.

रात्र ठरली गड्ड्याची, शोभेच्या दारूची.
सगळं शहर वर बघणार, पहाराही.
वॉर्डर कुरकुरला, युद्धामुळं यंदा दारू निम्मीच.
निम्म्या दारूत तिघं चढतील का,
यावर आम्ही दोन रात्री भांडलो.

मग लिंगय्या म्हणाला, दोर पुरेल,
वेळही पुरेल.
पण माग कोण चालवणार?

सगळं मोजलं होतं,
खडखड मोजायची राहिली होती.

दस्तगीरला माग येत नव्हता.
मी तिथंच शिकलेलो, माझा धोटा
दर वीस फेऱ्यांना अडकायचा.
लिंगय्यानं आमच्याकडं बघितलंही नाही.
तुटलेला धागा सांधत बसला,
आणि शेजारच्या मागाची दोरी पायाला बांधून बघितली,
मग दुसऱ्या पायाला.

पहिला बाण फुटला तेव्हा मी भिंतीवर होतो.
थर तेवीसच होते. हातभर दोर उरला.
खाली एक माणूस
तीन मागांएवढा वाजत होता.

त्याला किती वाढवली, कुठं हलवला,
वेगवेगळे आकडे ऐकले.
मी खरा कुठला धरावा?

आता साखर पेठेत राहतो.
भोवती रात्रभर यंत्रमाग, गाढ झोप लागते.
फक्त वीज गेली
की दचकून उठून बसतो.