सत्तावन्न अंश

गेल्या साली चुकलो ते घाईनं.
सत्तरवर लावलं यंत्र, म्हटलं सकाळपर्यंत उरकेल,
आणि सकाळी चकत्या अशा खुटखुटीत
की ताटात टाकल्या तर वाजाव्यात.
बरणी भरली, कुंपणाच्या खांबावर ठेवली
विर्वेसाठी. सफरचंदं तिचीच होती,
वाऱ्यानं पाडलेली अंतोनोव्का, पोतंभर.

दोन आठवड्यांनी बरणी परत आली, त्याच खांबावर,
धुतलेली, पालथी.
विर्वे काही बोलली नाही.
मी तिच्या खताच्या ढिगाकडे पाहिलं:
माझ्याच चकत्या, वरून कडक,
मधोमध राखाडी, केसाळ.

बत्तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली मी,
मुख्य भूमी ते हीउमा, हीउमा ते मुख्य भूमी,
आणि मलाच कळू नये
की कातडी आधी वाळली
तर आतल्या पाण्याला दार उरत नाही?
थंड इंजिन एकदम ताणायचं नसतं
हे मी नव्या पोरांना ओरडून शिकवायचो.

या वर्षी वही केली.
चकती पाच मिलिमीटर. डोळ्याच्या अंदाजाला सुट्टी,
बोटीवरचा कॅलिपर काढला खोक्यातून.
एक जाड एक पातळ झाली
की पातळ करपते, जाड तशीच ओली बसून राहते.
लिंबाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग फडक्यावर,
मग जाळीवर, एकीनं दुसरीला शिवायचं नाही,
हवेलाही जायला वाट हवी.
सत्तावन्न अंश. वर नाही.

पंखा मागे आहे या यंत्राला,
म्हणून मागची कड आधी वाळते.
दर दोन तासांनी जाळ्या फिरवायच्या.
साडेअकरा. दीड. साडेतीन.
लोकरी मोज्यांत स्वयंपाकघरात उभा मी,
बाहेर ऑक्टोबर, समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो,
आणि यंत्राची एकसुरी घरघर.

पावणेचारला त्या सुरात किंचित खरखर आली.
यंत्राच्या पाठीवर हात ठेवला.
पंख्याच्या जाळीत एक बी अडकली होती.
काढली. वहीत लिहिलं: बी.
बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.
कितीतरी दिवसांनी
माझ्या कानांचं कुणाला काम पडलं होतं.

सकाळी एक चकती आधी थंड होऊ दिली.
गरम असताना काहीही मऊच लागतं, त्यावर विश्वास नाही.
मग मोडायला गेलो, तर मोडली नाही, फाटली.
फाटल्या जागी दाबून पाहिली. थेंब नाही.
तरी बरणी लगेच नेऊन दिली नाही.
सैल भरली, झाकण लावलं, टेबलावर ठेवली,
रोज एकदा हलवायची, आठवडाभर.

तिसऱ्या दिवशी काच आतून धूसर.
बोटानं नाव लिहिता येईल इतकी.
म्हणजे पाणी होतं अजून,
आणि या खेपेला त्यानं निदान सांगितलं तरी.
एक शिवी दिली, आमच्या बोटीवरची जुनी,
आणि सगळ्या परत जाळीवर. अजून तीन तास.

दहाव्या दिवशीही काच कोरडी होती.
सोबत चिठ्ठी लिहायला बसलो, गेल्या सालाबद्दल.
पाच ओळी झाल्या, पाचही खुटखुटीत.
फाडून टाकली.
झाकणावर फक्त तारीख लिहिली, आणि खाली: ५७.

संध्याकाळी विर्वे आली कुंपणाशी.
तिथंच उभ्या उभ्या झाकण उघडलं,
वास घेतला, एक चकती दाताखाली धरली
आणि बराच वेळ चावत राहिली.
मी आपला खांबाचा सुटलेला खिळा बघत होतो.

मग म्हणाली, हेल्दुर,
माझ्याकडे नाशपातीचं एक पोतं पडून आहे.
त्यांना किती लागतात, अंश?