सात पूर्णांक आठ

रबाळ्याच्या आमच्या शेडमागे
खाणीने कुरतडलेला पारसिकचा डोंगर.
शेडमध्ये आम्ही रडारसाठी टोप्या घडवतो:
काचेचं कापड, वर राळ, पुन्हा कापड,
निर्वात पिशवी, रात्रभर भट्टी.
सकाळी साच्यातून निघते ती कोमट,
पालथ्या घमेल्यासारखी.

काय बनवता, म्हणून नणंद विचारते.
भिंत, म्हणते मी.
नसल्यासारखी असणारी.
वारा अडवायचा, मीठ अडवायचं, बगळ्यांची शिट अडवायची,
आणि लाटेला मात्र कळू द्यायचं नाही
वाटेत कुणी होतं ते.

लाट जेमतेम तीन सेंटिमीटरची.
काचेत शिरली की तिची पावलं आखडतात,
गुडघाभर पाण्यात लुगडं भिजलेल्या बाईसारखी.
किती आखडायची, ते काच आणि राळ मिळून ठरवतात.
वहीत त्यांच्या स्वभावाला आकडा आहे: चार पूर्णांक दोन.
त्याचं वर्गमूळ, त्याने भागलेली लाट, तिचं अर्धं,
सात पूर्णांक आठ मिलिमीटर.

तेवढी जाडी नेमकी साधली
तर पुढच्या अंगावरून परतलेलं
आणि मागच्या अंगावरून परतलेलं
एकमेकांना पुसून टाकतं.
एकीकडे जाड, एकीकडे पातळ झाली
तर समोरची होडी भलतीकडे दिसते.

तरी राळ थोडं ठेवून घेतेच स्वतःकडे, ऊब म्हणून.
आम्ही त्याला लॉस म्हणतो.
लॉस नसलेला माल
अजून कुठल्या टेम्पोतून उतरलेला मी पाहिला नाही.

मार्चमध्ये करंजाच्या एका ट्रॉलरची टोपी नापास झाली.
निळ्या सुळक्यांच्या बंद खोलीत ती हळूहळू फिरत होती,
आणि अठ्ठावीस अंशांवर
आलेख पायरी चुकल्यासारखा खाली.
वजन केलं: ओल नाही.
रुपयाच्या नाण्याने टकटक करत कान लावून ऐकलं:
कुठे पोकळ वाजत नाही.
जाडी सगळीकडे वहीबरहुकूम.
मग नुसता हात फिरवला, आणि बोटांना अक्षरं लागली.

एकवीरा.
चांदीच्या रंगात, टपोरं, वेलांट्या जरा जास्तच वळवलेल्या.
दत्ताराम भोईरचं काम.
मालकाने नाव सांगितलं होतं, चांदी याने स्वतःच्या पैशाने आणलेली.
त्या रंगात अॅल्युमिनियमचा चुरा असतो,
कण न् कण आरसा.

दत्ताराम, चांदी काढावी लागेल.
"देवीचा नाव काढाचा?"
नाव नाही. चांदी.
लाटेला वाचता येत नाही हो, ती आदळते.
तो टोपीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
"मंग लिवाचा कशाला, बाय?"
मी वही चाळत राहिले. त्यात याचा आकडा नव्हता.

दोन दिवस तो घासत होता.
ओल्या कागदाने घासू नका, एवढंच म्हटलं मी;
उघडी पडलेली काच कडेकडेने पाणी पिते
आणि पाण्याचा आकडा साठाच्या घरात.
त्याने मान हलवली. गमछा नाकाला बांधलेला,
पापण्यांवर पीठ बसल्यासारखी धूळ.
जेवायच्या सुट्टीत डबा उघडला नाही, की
उघडून मिटला, मला नीट दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी आलेख सरळ.
सही करताना पुन्हा सवयीने हात फिरवला
आणि थांबले.
पांढऱ्यावर पांढरं, कागदाहून पातळ,
धातूचा कणही नसलेल्या रंगात,
त्याच जास्त वळलेल्या वेलांट्या.
रिमार्कच्या रकान्यात काय लिहायचं
सुचलं नाही. रेघ मारली.

टेम्पोत चढवली तेव्हा पाच वाजून गेले होते.
ऊन डोंगरावरून तिरकं आलं,
ए उठला, क उठला, वी अर्धा,
तेवढ्यात हमालाने ताडपत्री ओढली.