जात : मिश्र

डॉक्टर पटवांनी लसीच्या कार्डावर लिहिलं,
नाव : रताळ्या. रंग : भाजका.
पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
बाप मुळशीकडच्या कुठल्याशा फार्महाऊसवरचा,
साखळी पुरेल तेवढ्या जगाचा मालक.
आई आंबेगाव पठाराची, गावठी, एका पायानं लंगडी.
"मिश्र लिहू?" त्यांनी विचारलं.
मी शिवाजीनगर कोर्टात स्टेनो. एकवीस वर्षं
हाच रकाना भरत आले, मान वर न करता.
तिथं कुणाचं पेन अडखळताना पहिल्यांदाच पाहिलं.

आठ आठवड्यांचं पिल्लू, आणि कपाळावर आठ्या
जशी यंदाची घरपट्टी त्यालाच भरायची आहे.
छाती तालमीतली, पाय कुणाकडून उसने आणलेले.
घोरतो असा, की खालच्या सुमंतकाकूंनी विचारलं,
"पाहुणे किती दिवस आहेत?"
शेपूट नव्हे, वेताची छडी ती.
तो खूश झाला की माझ्या पोटऱ्यांवर वळ.

जिन्यात नोटीस लागली :
'हिंस्र जातीचे श्वान पाळु नये.' खाली सही, घाटपांडे.
मी लाल पेनानं 'पाळू' केलं
आणि नोटीस होती तिथंच राहू दिली.

तिसरी लस होईपर्यंत जमिनीला पाय नाही,
म्हणून भाजीच्या पिशवीत बसवून जग दाखवते.
धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपवर बस दाखवली,
हेल्मेट घातलेला माणूस, कुबड्या, उघडणारी छत्री,
शाळा सुटतानाचा गलका.
ढोलाच्या सरावाला नेलं तेव्हा पिशवी गळली, माझी साडीही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. थोडं लांबून.

बुलेटवरचा एक पोरगा थांबला,
"कान कापून घ्या मॅडम, खतरनाक दिसंल."
त्याच्या स्वतःच्या कानात बाळी होती, नवीन,
भोक अजून लाल.
मी म्हटलं, हळद लाव.

चिकननं अंगावर गांधी उठल्या. आता लाल भोपळा, भात, मासळी.
पोटाची कातडी गुलाबी, जवळजवळ उघडी,
तिला रोज रात्री खोबरेल.
केस इतके आखूड की तळजाईवरून येणारा वारा
थेट हाडांशी बोलतो;
माझ्या स्वेटरची एक बाही त्याला झाली,
दुसरी त्यानं खाल्ली.
लघुलिपीचं पुस्तकही, 'म'पर्यंत.

दात लागला की मी "आई गं" म्हणते, उठते,
दोन मिनिटं पाठ करून उभी राहते.
एवढीच शिक्षा. तिसऱ्या मिनिटाला
तो टाचेला कपाळ लावतो.
जेवताना त्याच्या ताटलीत हात घालते,
काढून घ्यायला नाही, पनीर ठेवायला.
हा जबडा उद्या मोठा होईल.
तोवर माझा हात कशासाठी येतो
हे त्याला तोंडपाठ हवं.

परवा घाटपांडे लिफ्टमध्ये भेटले. भिंतीला चिकटून उभे.
रताळ्यानं त्यांच्या बुटाचा वास घेतला
आणि बुटावरच झोपला.
दुसरा मजला, तिसरा, चौथा.
त्यांनी पाय हलवला नाही.
नोटीसही काढलेली नाही अजून.

रात्री कधी झोपेत गुरगुरतो,
पुढचे पाय ताणतो, मानेला हिसका देतो.
साखळी तर त्यानं पाहिलेलीसुद्धा नाही.
मी हाक मारत नाही.
आठ्यांवर हात ठेवून बसते.
त्या जात नाहीत. जन्मजात आहेत.
खालचा श्वास तेवढा
हळूहळू सैल होतो.