दोरीचं माप

वळणावर पाटी आहे, पांढऱ्या फळीवर काळी अक्षरं:
कणसं. बीट. तपकिरी अंडी. खुर्च्या.
आणि खाली, जरा ठळक: रविवारी विक्री नाही.
बाण काढलेला नाही. लिदीच्या मागावर गेलं
की आमिशांचा तो लाल गोठा लागतो.

मी शुक्रवारी जाते.
गाडी अक्रोडाखाली लावते.
कुंपणापलीकडच्या घोड्याला माझं इंजिन पटत नाही,
कान मागे पाडतो, मग विसरतो.

शेडमध्ये कोणी नसतं.
पत्र्याचा डबा असतो, झाकणाला फट,
सुतळीने बांधलेली पेन्सिल आणि वही:
काय घेतलं ते लिहा. सुटे आपले आपण घ्या.

मागच्या ऑगस्टात मी एक खरबूज घेतलं
आणि दोन डॉलर कमी टाकले.
मुद्दाम नाही. अगदीच मुद्दाम नाही, असंही नाही.
घरी सिंकपाशी उभ्यानेच खाल्लं,
आणि ते गोड निघालं, हीच अडचण.
पुढच्या शुक्रवारी दोन जास्त टाकले.
डब्याने दोन्ही वेळा तेवढाच आवाज केला.

सलोमा भेटते कधीमधी,
टोपीच्या नाड्या पाठीवर टाकलेल्या, कोपरापर्यंत माती.
"बीट आजच न्या," म्हणते, "पुढच्या आठवड्यात लाकूड होतील."
लोणचं देताना बजावते, बरणी परत आणा.
मुलं तिच्या स्कर्टाआडून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणतात,
बहुधा माझ्या केसांबद्दल.

खुर्ची हवी, असं मी जूनमध्ये बोलून गेले.
तिने नवऱ्याच्या शेडकडे हनुवटी केली.

बेन्यूएलने टेप काढली नाही. दोरी काढली.
मला खिळ्यांच्या पिंपावर बसवलं,
गुडघ्यापासून टाचेपर्यंत एक गाठ,
कंबरेपासून खांद्यापर्यंत दुसरी.
"बूट घालून बसणार की अनवाणी?"
एकसष्ट वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.
"अनवाणी," मी म्हटलं, आणि उगाच लाजले.
"एक की जोडी?"
"एक."
त्याने काहीच लिहून घेतलं नाही.

ड्वाइटची खुर्ची विजेवर चालायची.
त्याच्या शेवटच्या जानेवारीत बर्फाने तारा तुटल्या
आणि तो पाय वर, डोकं खाली, तसाच अडकला.
आम्ही हसलो. त्याला तसंच सूप भरवलं, टॉर्च दातात धरून.
वीज पहाटे आली.
खुर्ची हळूहळू सरळ झाली, तो झोपेत होता.
मार्चमध्ये ती मी फुटपाथवर ठेवली,
"चालू आहे" अशी चिठ्ठी लावून.

सहा आठवड्यांनी गेले.
हिकरीची होती, पाठीला वाफेने वाकवलेल्या पट्ट्या,
अजून जवसाच्या तेलाचा वास.
बसले. पाय जमिनीला टेकले, पूर्ण,
असे की पाय आहेत हेच विसरावं.
मग लक्षात आलं, डावा हात बोटभर खाली आहे.
मी बघतेय हे त्याने पाहिलं.
"तुम्ही डावीकडे कलता," म्हणाला. "पिंपावरही कलला होतात.
उजव्या कानाने कमी ऐकू येतं का?"

डावीकडे तेहतीस वर्षं कोण बसायचं
हे त्याला सांगता आलं असतं.
मी हो म्हटलं. कमी ऐकू येतं.
साधारण दोन डॉलरचं खोटं.

दोनशे दहा, रोख. त्याने मोजले नाहीत.
त्याच्या पोराने खुर्ची डिकीत घातली,
झाकण बसेना म्हणून दोरीने बांधलं,
तीच दोरी, माझ्या गाठींची.
परत आणू का, विचारलं तर खांदे उडवले:
"माप तर खुर्चीत गेलं."

घरापर्यंत मी बग्गीच्या वेगाने आले.
मागे सात-आठ गाड्या तुंबल्या, एकाने हॉर्न वाजवला.
वाजवू दे म्हटलं. मला कमी ऐकू येतं.
बीट मात्र शेडमध्येच राहिले,
वहीत लिहून, पैसे टाकून.