दाराला टेकवलेला झाडू

आमच्या बेटावर कुलपं नाहीत.
म्हणजे आहेत. टपालाच्या पेटीला एक,
पाद्रीबाबांच्या सायकलीला एक, तेही गंजलेलं.
घरात कुणी नसलं की दाराला बाहेरून झाडू टेकवायचा,
एवढंच.
झाडू दिसला की माणूस परत फिरतो,
अंड्यांची टोपली पायरीवर ठेवून.

अशा गावात मला शिकवायचे होते पासवर्ड.
वर्गात सात पोरं, खिडकीबाहेर गोठलेला समुद्र,
टेबलावर तालिनहून आलेलं पत्रक:
वयोगट आठ ते अकरा, तास एक.

मी म्हटलं, समजा,
ज्यांना झाडू वाचता येत नाही
अशी माणसं रोज हजारोंनी दारावरून जातात.
त्यांना चेहरा नाही, घाई नाही.
प्रत्येक दार नुसतं ढकलून बघतात.
योसेप म्हणाला, मग त्यांना कुत्रं चावत नाही का?
पत्रकात याचं उत्तर नव्हतं.

सांगू नका म्हणेपर्यंत पोरांनी सांगूनही टाकलं.
तावेतचा पासवर्ड आजोबांच्या होडीचं नाव,
जे होडीवर हातभर अक्षरांत रंगवलंय.
जुळ्यांचा वाढदिवस. दोघींत मिळून एकच.
योसेपचा एक दोन तीन चार,
"आणि शेवटी पाच, ते कुणाला सुचणार नाही."
मी हसले. जरा जास्तच.
तेव्हा मिर्तेल म्हणाली, बाई, तुमचा 'मुरी' आहे ना?
मुरी, आणि पुढे तुम्ही बेटावर आलात ते साल.

वर्ग चिडीचूप.
नाव ऐकून टेबलाखाली मुरीनं शेपटी आपटली.

मग मी पत्रक बाजूला ठेवलं.
चार शब्द घ्या, म्हटलं,
ज्यांची एकमेकांशी सोयरीक नाही.
जसे, हेरिंग, कवळी, गुरुवार, शिडी.
आता हे मी बोलले, म्हणजे हे वाया गेलं.
आणि फोन विचारील, तू कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस.
विचारू दे.
विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला
तुम्ही काही परीक्षेला बसलेला नाहीत.

मिर्तेल कोपराआड लिहीत होती.
तपासायला मी हात पुढे केला, सवयीनं.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
कागद तोंडात घातला,
आणि नीट चावून गिळला.
हजेरीपटात तिच्या नावापुढे मी दहापैकी दहा लिहिले.
कारणाचा रकाना कोरा.

घरी आले. माझाही बदलायला हवा होता.
पण माझ्याबद्दल या बेटाला काय ठाऊक नाही?
कुठला गुडघा दुखतो, साखर किती लागते,
कुणाचं पत्र यायचं थांबलं, सगळं दुकानात कळतं.
दिवा न लावता बराच वेळ बसले.
वाटलं, आपल्याकडे लपवण्याजोगं काहीच उरलं नाही,
आणि त्याचंच वाईट वाटायला लागलं.

मग आठवलं एक.
फार जुनं. बेटावर येण्याच्याही आधीचं.
चार शब्दांत मावेल इतकंच.

उठले. झाडू पुढच्या दाराला बाहेरून टेकवला,
आणि मागच्या दारानं आत आले.
एकेक अक्षराचा काळा ठिपका उमटत गेला
ताज्या बर्फावरून कुणी एकटं चालत जावं तसा.
पुन्हा एकदा लिहा, असं आलं.
पुन्हा लिहिलं.
मुरी मान वर करून बघत होता.
मी कोपर आड धरलं.