छाट

नव्या पेठेत, लेझीम आणि ढोलक्यांच्या ढिगातून वाट काढत आत,
मागच्या भिंतीवर पाच गिटारी टांगलेल्या.
महिनाभर मोबाईलवर बघून मी पाठ केलं होतं:
तारा नायलॉनच्या की लोखंडी,
मान सरळ हवी, तारा लाकडापासून फार उंच नकोत.
समोर उभी राहिले आणि
सगळं विसरून म्हणाले,
ती काळी.

अम्मा म्हणाली, थांब.

अम्माला गिटार माहीत नाही.
माल बघणं माहीत आहे.
बत्तीस वर्षं विड्या वळून
सुपात रचून कारखान्यात नेल्या तिनं,
आणि चेकरनं रोज मूठभर बाजूला काढल्या:
ही ढिली, हिचं तोंड नीट नाही, हिचं पान फाटकं.
छाट.
छाटीचे पैसे नाहीत,
विड्याही परत नाहीत.

आज ती पलीकडच्या बाजूला उभी होती.

काळी हातात घेतली.
सुईत दोरा ओवताना मिटते तसा एक डोळा मिटून
मानेवरून लांब बघितलं.
"वाकडी हाय."
म्हमाणे मालक हसले, "ओ मावशी, हवेनं तसं होतंय,
आपोआप सरळ येतंय की."
एप्रिलातली सोलापूरची हवा. तिनं
लोखंडसुद्धा वाकतं.
छाट.

लालच्या पोटावर टिचकी मारली, माठ घेताना मारते तशी,
आणि मान हलवली.
तिसरीची खुंटी फिरवली, ती फिरतच राहिली.
चौथीला हातच लावला नाही, का ते सांगितलं नाही.
मला रडू यायला लागलं.
पैसे माझे होते, मेडिकलमधल्या सात पगारांतून उरलेले,
आणि भिंत रिकामी होत चालली होती.

पाचवी तपकिरी. खांद्यावर ओरखडा,
कुणीतरी नेऊन आठवड्यात परत आणलेली.
मालक जरा कमी आवाजात बोलले तिच्याबद्दल.
"वाजव," अम्मा म्हणाली.

मी बोट ठेवलं, तार छेडली.
थप्प.
पुन्हा. खर्र.
"पहिले दोन महिने बोटं सोलवटतात," मालक म्हणाले,
"घट्टे पडले की आवाज खुलतोय. निम्मे लोक त्याआधीच सोडतात,
ही बघा, तशीच आलेली."

अम्मानं पदराला हात पुसला.
"कुठं दाबायचं गं?"
मी दाखवलं.
तंबाखूनं पिवळं पडलेलं ते बोट
तारेवर टेकलं, मी छेडलं,
आणि हार्मोनियमच्या, तबल्यांच्या, झांजांच्या मधून
एक सूर निघाला, स्वच्छ,
रस्त्यावरची रिक्षा जाईपर्यंत टिकला.

"लागत नाही तुला?"
"काय लागायचंय?"
बोट उचलून बघितलं तिनं. तारेचा वळसुद्धा उमटला नव्हता.

बेचाळीसशेवरून छत्तीसशे झाले.
मालक म्हणाले, बॅग साडेचारशे.
अम्मानं पिशवीतून चादर काढली,
दोन धागे चुकलेली, गिरणीनं बाजूला टाकलेली,
म्हणून कधीतरी वजनावर मिळालेली.
म्हणजे घरून निघतानाच
हिनं ठरवलं होतं, घ्यायची म्हणून.
मला काही बोलली नव्हती.

कुंभारीच्या रिक्षात मांडीवर ती गुंडाळी.
शेजारच्या बाईनं विचारलं, किती महिन्यांचं?
अम्मा म्हणाली, आजच.

रात्री जेवणं झाल्यावर
ती सूप घेऊन भिंतीला टेकली, मी समोर.
डाव्या हाताची बोटं आग आग.
मी तार दाबते, छेडते. खर्र.
मान वर न करता अम्मा म्हणते,
"छाट."
पुन्हा.
"छाट."
शेंड्या दुमडत, दोरा गुंडाळत, "छाट."

बाविसाव्या की तेविसाव्या वेळी
ती काहीच बोलली नाही.
मी श्वास धरून बघितलं.
तोंड जरासं उघडं, डोळे मिटलेले,
बोटांत अर्धी वळलेली विडी.
सूर बरा लागला होता की तिला झोप लागली होती,
हे मला अजून कळलेलं नाही.