दगड क्रमांक सतरा

नकाशा त्रेचाळीस सालचा. कापडावर चिकटवलेला,
घडीघडीला फाटून नऊ तुकडे झालेला.
त्यावर माणूस नाही, झाड नाही,
नुसते आयत, ओळीनं उभे,
सकाळच्या कवायतीला निघाल्यासारखे,
आणि प्रत्येकाच्या छातीवर नंबर.

तो बगलेत मारून उल्हासनगरला उतरलो.
रिक्षावाला म्हणाला, चार नंबर की पाच नंबर?
फौज निघून गेली सत्तर वर्षांपूर्वी,
तंबू नेले, खाटा नेल्या, घोड्यांच्या पाण्याची डोणीसुद्धा नेली.
नंबर तेवढे उचलायचे राहिले.

बॅरक आता शोधावी लागते.
एका छपराखाली बारा बिऱ्हाडं होती,
मध्ये गोणपाट. मग पत्रा. मग वीट.
मग ज्याचा त्याचा स्लॅब ज्याच्या त्याच्या ऐपतीनं वर चढला.
कुणाचे तीन मजले, खाली ब्यूटी पार्लर,
कुणाच्या गच्चीवर जीन्सच्या पँटी वाळताहेत, चारशे पाय, कंबरेवर कुणी नाही.
आणि मध्येच चार हात मंगलोरी कौलं
म्हाताऱ्याच्या तोंडात राहून गेलेल्या दुधाच्या दातासारखी.

त्या कौलांखाली हरदेवी चैनाणी.
सात वर्षांची आली होती, शिकारपूरहून, कराचीमार्गे, बोटीनं.
भिंतीवर कुण्या शिपायानं खिळ्यानं रेघा ओढलेल्या,
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी.
तिची आई रोज त्याच्यापुढं एक रेघ ओढायची,
परत जायचे दिवस मोजायची.
एका दिवाळीला तिनंच चुना लावला.
किती झाल्या होत्या? मी विचारलं.
मोजत बसली असती तर पापड कुणी लाटले असते, म्हणाली.

मी दगड शोधत होतो.
नकाशात बाणाची खूण, क्रमांक सतरा,
इथून सगळी मापं सुरू होतात असं लिहिलेलं.
साखळी तिच्या स्वयंपाकघरात येऊन थांबली.
ओट्याखाली, पालथा, तेलानं काळा झालेला,
मध्यभागी साठ-पासष्ट वर्षांच्या कुटण्यानं पडलेला खळगा.
पीठ ह्याच्यावर कुटल्याशिवाय पापड फुलत नाही, म्हणाली.
आम्ही आलो तेव्हा दाराबाहेर पडला होता.
एका अंगानं तांबडा होता. कसला रंग, कुणास ठाऊक.

मला ठाऊक होतं.
चांगो पावशे दर गुरुवारी कचेरीत येतो,
पिशवीत सातबारा, सातबाऱ्याला प्लास्टिक.
त्याच्या बांधावर चेडोबा होता, शेंदूर लावलेला.
गोऱ्या साहेबानं त्यावरच छिन्नी मारून बाण काढला,
शेत नऊ दिवसांत सपाट केलं.
“माजे बापासला बोल्ले व्हते,
लराई सरली का जमीन परत.
सरली काय वो?”
मी दर गुरुवारी सांगतो, फाईल वर गेलीय.
त्याची विहीर मी नकाशावर लावून पाहिली आहे.
ती पँट धुण्याच्या कंपनीखाली येते.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.
वालधुनी निळी का वाहते, हे तो मला विचारतही नाही.

हरदेवीनं दगड सरळ केला, पदरानं पुसला.
तुम्हाला न्यायचाय का?
तिच्या आवाजात भीती नव्हती.
एकदा सगळं ठेवून निघालेल्या माणसाचा हिशेबी आवाज होता.
खळग्याच्या तळाशी बाणाचं एक टोक अजून दिसत होतं,
आणि कडेला, नखभर, तांबडं.

मी नोंदवहीत लिहिलं: दगड क्रमांक सतरा, आढळला नाही.
बावीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेलं पहिलं खोटं.
की दुसरं.

निघताना तिनं पेपरात दहा पापड बांधून दिले.
गुरुवारी चांगो आला, बसला, घाम पुसला.
शिपायानं हीटरवर एक भाजला, त्याच्यापुढं धरला.
त्यानं मोडला, अर्धा मला दिला,
बराच वेळ चावत राहिला, डोळे खिडकीबाहेर.
मग म्हणाला,
मिरी जरा जास्त परलीय.